परत आणि वापस

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कधी कुठल्या मिक्सरची बदनामी होऊ दिली नाही. हसू नका, खरं सांगते. बँकेनं माझी बदली लखनौला केली, गोमती नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी खोली घेतली, आणि सामान लावून होत नाही तोच पहिला तमाशा पाहिला तो मिक्सरचा.

सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळाला म्हणून काकांनी तो ऑनलाइन मागवला होता. काकूंनी त्यात ओलं खोबरं घातलं, बटण फिरवलं आणि दोन्ही कान झाकून घेतले. "हा घरात राहिला तर मी राहणार नाही," एवढंच म्हणाल्या. काका मोबाइल घेऊन बसले. वस्तू वापस करायची तर कारण निवडावं लागतं. 'वस्तू सदोष आहे' निवडलं की नेण्याचा खर्च विकणाऱ्याचा, आणि आपले पैसे पूर्ण मिळतात. 'मत बदललं' निवडलं की नेण्याचा खर्च आपल्या पैशातून कापतात, वर खोका उघडल्याबद्दलही थोडे कापतात. मी म्हटलं, "काका, सदोष टाकून द्या ना. सगळे तेच टाकतात."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोष काय आहे त्यात?"

"आवाज किती करून राहिला तो."

"आवाज तुझाही मोठा आहे बाळ. तुला मी सदोष म्हणतो का?"

आणि त्यांनी शांतपणे 'मत बदललं'वर बोट ठेवलं. पैसे कापले गेले. काकूंनी कपाळावर हात मारला आणि पाट्यावर चटणी वाटायला बसल्या. मला त्या दिवशी वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे, भाडं वेळेवर द्यावं आणि लांबच राहावं. पण त्यांच्यापासून लांब राहणं कुणाला जमलं नाही, मला तरी कुठून जमणार.

काका मूळचे कऱ्हाडकडचे. एका सरकारी कंपनीच्या भांडारात माल तपासायची नोकरी केली. आलेला माल घ्यायचा की नाकारायचा, हे ठरवण्यात जन्म गेला. लखनौला बदली झाली, इथंच घर बांधलं, इथंच निवृत्त झाले. त्यांच्या खात्यातल्या एका साहेबानं रागाच्या भरात एका छोट्या कारखानदाराचा चांगला माल 'सदोष' लिहून नाकारला होता म्हणे. त्या कारखानदाराला पुन्हा कुठं काम मिळालं नाही. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, तेही लाइट गेलेली असताना, पंख्यावाचून घामाघूम होत. 

निवृत्तीनंतर तपासायला माल नाही म्हटल्यावर या माणसानं करायचं काय? तेवढ्यात ऑनलाइन सेल सुरू झाले आणि काकांचं खातं घरबसल्या उघडलं. टेबलफॅन, इस्त्री, ट्रिमर, भिंतीवरचं घड्याळ, पाण्यातला हीटर, काय विचारू नका. विकत घेण्यात त्यांना फारसा रस नव्हता. रस होता तो अटी वाचण्यात. सकाळी नाश्त्याला पोहे खाता खाता ते काकूंना पोथीसारख्या अटी वाचून दाखवत. सवलतीतला माल असेल तर पैसे मिळणार नाहीत, फक्त बदलून मिळेल. मूळ वेष्टन नसेल तर स्वीकारणार नाही. काकू पोह्यांवर कोथिंबीर पेरत म्हणायच्या, "लग्नाआधी यांनी माझ्या अटी वाचल्या नाहीत, हेच माझं नशीब."

त्या मूळ वेष्टनापायी माझ्या खोलीचा माळा गेला. तिथं खोके, खोक्यात खोके, थर्मोकोलचे कोपरे, बुडबुड्यांचं प्लास्टिक. खोली दाखवतानाच काकांनी सांगितलं होतं, "माळा माझा. बाकी खोली तुझी. पहिला आठवडा राहून बघ. पटलं नाही तर अनामत पूर्ण परत. पण जाताना खरं कारण सांगून जायचं. तुझ्याआधीच्यानं ऑफिस लांब पडतं म्हणून सांगितलं आणि याच गल्लीत पलीकडे खोली घेतली."

"मग खरं कारण काय होतं?" मी विचारलं.

"माळ्यावरचे खोके," काकू आतून म्हणाल्या.

नवी वस्तू आली की व्हरांड्यात जुनं धोतर अंथरलं जाई. खोका उघडतानाचं चित्रण करून ठेवलं तर पुढं वाद होत नाही, म्हणून मोबाइल माझ्या हाती. रविवार असो की काही असो, काका खालून हाक मारत, "आहेस का गं?" आणि मी केसांना तेल लावलेल्या अवस्थेत जिना उतरे. काका कॅमेऱ्याकडे बघून बोलत, "सील शाबूत. उजवा कोपरा किंचित दबलेला. त्याचा मालावर परिणाम दिसत नाही." ट्रिमरचा पंचनामा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. गल्लीतली पोरं त्यांना 'रिटर्न अंकल' म्हणायची, आणि माल न्यायला येणारा भैया गेटवरूनच विचारायचा, "अंकल जी, आज क्या कसूर हुआ बेचारे से?" काका उत्तर देत, "इसका कोई कसूर नहीं. मेरा मन बदल गया." मग त्याला चहा.

आमच्या दोघांचं भांडण व्हायचं ते एका शब्दावरून. मी नागपूरची. आम्ही वापस म्हणतो. वापस आली, वापस दे, वापस कर. लहानपणापासून हेच बोलतो, आम्हाला ते मराठीच वाटतं. काकांना तो शब्द ऐकला की ठसका लागे. "हिंदी बाहेर बोल. घरात परत म्हण."

"काहून? वापसमध्ये काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. आपला शब्द असताना शेजाऱ्याचा कशाला?"

आता शेजारी म्हणजे अख्खं लखनौ. यांची स्वतःची लेक जन्मभर हिंदीत उत्तरं देत वाढली, तिला हे कधी बोलले नाहीत, आणि मी भाडं देऊन ऐकून घ्यायचं. मी मुद्दाम वापस म्हणायची.

पण एकदा माझी बाजू वर आली. काकांनी विजेची किटली मागवली होती आणि तिचं झाकण खरोखरच बसत नव्हतं. पहिल्यांदाच त्यांना 'सदोष' निवडायची संधी मिळाली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. पैसे मागून घ्यायचं ठरलं. तक्रारीच्या नंबरावर मराठीची सोय आहे हे कळल्यावर तर आनंदाला पारावार उरला नाही. पलीकडे एक मुलगी आली. काकांनी आधी तिचं गाव विचारलं, मग पाऊसपाणी विचारलं, आणि मग म्हणाले, "किटली परत पाठवायची आहे."

"ठीक आहे सर," ती म्हणाली, "परत पाठवते."

तीनचार दिवसांनी भैया जुनी किटली घेऊन गेला आणि दुसरी नवी कोरी किटली देऊन गेला. काकांनी लगेच फोन लावला, योगायोगानं तीच मुलगी भेटली. "अहो बाई, मी परत म्हणालो होतो." ती म्हणाली, "हो सर. परत पाठवली ना आम्ही." काका फोन कानाला लावून तसेच थांबले. मग असे हसायला लागले की काकू पोळी लाटायची सोडून बाहेर आल्या. मी संधी सोडते होय? म्हटलं, "म्हणून आम्ही वापस म्हणतो काका. घोळ नाही काही."

"त्या पोरीची चूक नाही," काका डोळे पुसत म्हणाले. "माझीही नाही. परत म्हणजे मागं, आणि परत म्हणजे पुन्हा. तिनं दुसरं ऐकलं." दुसऱ्या किटलीत दोष नव्हता आणि काकूंना गॅसवरचाच चहा लागायचा, म्हणून ती किटली माझ्या खोलीत आली. अजून माझ्याकडे आहे. आत्ता हे लिहितानाचा चहा तिच्यातलाच.

त्याच उन्हाळ्यात त्यांची मुलगी आली. मी तिला ताई म्हणते. लग्न करून ती बेंगळुरूला होती, सणावाराला दोघं यायची, जावई शांत, दिसायला चांगला, जेवताना मान खाली घालून जेवणारा. काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून काकांच्या सोबतीला चारबाग स्टेशनवर मी गेले. गाडीला उशीर झाला होता आणि फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. ताई उतरली तेव्हा तिच्याबरोबर हमालाला दोन खेपा कराव्या लागतील एवढं सामान होतं. कुणी माहेरपणाला मिक्सरचा खोका घेऊन येत नाही. ती काकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पापा, मैं वापस आ गई."

मी काकांकडे पाहिलं. मला त्या शब्दावरून दिवसातून दोनदा टोकणारा माणूस, त्या दिवशी काही बोलला नाही. तिच्या खांद्यावरची बॅग आपल्या खांद्यावर घेतली आणि हमालाला म्हणाले, "आराम से उठाना भैया." 

घटस्फोटाच्या कागदांसाठी बोलावलेले वकीलसाहेब घरी आले ते रविवारी सकाळी. लखनवी माणूस, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, दोघांच्या संमतीनं वेगळं होता येईल, पण मुलाकडचे टाळाटाळ करतायत, वेळ लागेल, आणि लग्नात दिलेल्या-घेतलेल्यावर पाणी सोडावं लागेल. त्यापेक्षा आपणच तक्रार टाकू. "ज़्यादा कुछ नहीं भाई साहब. बस इतना लिख देते हैं कि लड़का पीता है और हाथ उठाता है. लोग यही लिखते हैं. सामान भी वापस, इज़्ज़त भी वापस."

काका म्हणाले, "लेकिन वह तो पीता नहीं."

तेव्हा काकू बोलल्या. त्यांना इतक्या रागात मी कधी पाहिलं नव्हतं. "लिहू द्या त्यांना. काहीच लिहिलं नाही तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? मुलगा चांगला होता, मग दोष आमच्याच पोरीत असणार. मिक्सरचं ठीक होतं हो. मिक्सरला पुढं आयुष्य काढायचं नव्हतं."

 काका माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी कॅमेरा धरून उभी आहे. माझाही संयम सुटला. मला ताई आवडायची. म्हटलं, "काका, ही किटली नाही आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि उठून जिना चढून वर गेले. थोड्या वेळानं मी मागोमाग गेले तर हा माणूस माझ्या खोलीत स्टुलावर उभा राहून माळ्यावरचे खोके लावत होता. मोठे खाली, लहान वर. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी खाली उतरा म्हटलं तर ऐकेनात. मला भीती वाटत होती, स्टूल डुगडुगत होतं, म्हणून मी ते धरून उभी राहिले. मग एकाएकी ते थांबले आणि म्हणाले, "आपण चौघं भांडतोय. तिला विचारलं का कुणी?"

खरंच, ताईला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. काका तिच्यासमोर खाली बसले.

"तो पितो?"

"नहीं पापा."

"हात उचलला कधी?"

"कभी नहीं."

"मग काय झालं बाळ?"

ताईनं सुरी बाजूला ठेवली. "कुछ नहीं हुआ पापा. यही तो हुआ. इतने दिन साथ रहे और कुछ हुआ ही नहीं. टीवी देखते थे, सो जाते थे. मैं कमरे में आऊँ तो उसको पता नहीं चलता था. वो आए तो मुझे नहीं." मग काकूंकडे बघत म्हणाली, "लोग जो कहेंगे, सुन लूँगी. झूठ मत लिखवाइए. एक बार लिखवाया तो ज़िंदगी भर वही झूठ सुनाते रहना पड़ेगा मुझे."

काका व्हरांड्यात आले. वकीलसाहेबांचा चहा निवला होता. काका म्हणाले, "लिखिए, दोनों की नहीं पटी. किसी का कसूर नहीं. खर्चा जो कटेगा, हमारा कटेगा."

काकू त्यानंतर बरेच दिवस काकांशी बोलल्या नाहीत. पोळी मात्र तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडायची, ते काही थांबलं नाही. पुढं कळलं ते असं की मुलाकडच्या वकिलानंही आपला कागद तयार ठेवला होता. मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यात होतं. आमच्याकडून गेलेल्या कागदात मुलाविरुद्ध एक शब्दही नाही हे पाहून मुलानं स्वतः तो मजकूर काढायला लावला आणि सही केली. ताईची पुस्तकं, तिची शिलाईमशीन, सगळं त्यानं नीट बांधून पाठवलं. ते खोके उघडताना काकांनी चित्रण करायला सांगितलं नाही. काकूंनी मशीनवरचं प्लास्टिक काढलं, घडी केली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "माळ्यावर ठेव गं यांच्यासाठी." त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं सुरू झालं.

आता ताई लखनौलाच एका शाळेत शिकवते. मी नागपूरला वापस आले, हो, वापसच, पण आठवड्यातून एकदा फोन होतो. काका अजून अटी वाचतात. काकूंना शेवटी मुका मिक्सर मिळाला, तो कुठल्याही सेलमध्ये नव्हता, पूर्ण किमतीला घ्यावा लागला, आणि त्याचं दुःख काका अजून करतात.

पण मला जे सांगायचं होतं ते वेगळंच. कागदावर सह्या झाल्यानंतरच्या पहिल्या आंब्यांच्या दिवसांत आम्ही सगळे मलिहाबादला जाऊन दशहरीची पेटी घेऊन आलो होतो. बागवाला नेहमीसारखा म्हणाला होता, "बाबूजी, फीका निकले तो वापस ले आइएगा," आणि काका नेहमीसारखे म्हणाले होते, "खाके कैसे वापस लाऊँ?" संध्याकाळी व्हरांड्यात जुन्या धोतरावर आंबे पसरून आम्ही पिकलेले वेगळे काढत होतो. हात चिकट, म्हणून काकांचा फोन वाजला तेव्हा त्यांनी कोपरानं तो स्पीकरवर टाकला. कऱ्हाडहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा, अक्कांचा फोन. ख्यालीखुशाली झाली, आणि मग अक्का आवाज खाली आणून म्हणाल्या, "कानावर आलं ते खरं का रे? पोरगी परत आली म्हणे?"

त्या 'परत'मध्ये जे काही होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. काकूंनी आंबा तसाच हातात धरला. ताई उठून आत जायला निघाली. मला त्या अक्कांचा इतका राग आला की मी फोन बंदच करणार होते.

काका म्हणाले, "होय अक्का. खरं आहे. परत आली."

त्यांनी हातातला आंबा पिकलेल्यांत ठेवला.

"पहिल्यांदा आली तेव्हा तूच होतीस की दवाखान्यात," काका म्हणाले. "तेव्हा आली होती. आता परत आली. तेव्हा मी आळीभर बर्फी वाटली होती, आठवतं? आता परत वाटतो. तुला पाठवू का?"

ताई दारातच थांबली. अक्का काहीतरी पुटपुटल्या, मधुमेह का काय ते, आणि फोन ठेवला. काकांनी हात धुतले, सदरा घातला आणि चौकातल्या हलवायाकडून दोन मोठे डबे बर्फी घेऊन आले. मी म्हटलं, काका, खरंच वाटणार? तर ते गेटबाहेर पडलेही होते. समोरच्या बंगल्यात, शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. लोक विचारायचे, "किस खुशी में अंकल जी?" काका सांगायचे, "हमारे यहाँ लड़की आती है तो बर्फी बाँटते हैं." लोक गोंधळून गेटशी उभ्या असलेल्या काकूंकडे बघायचे, या वयात? काकूंना हसू आवरेना आणि रडूही. तेवढ्यात माल नेणारा भैया कुणाचा तरी खोका घेऊन गल्लीत आला, त्यालाही बर्फी मिळाली. तो म्हणाला, "आज कुछ लौटाना नहीं है अंकल जी?" काका म्हणाले, "आज कुछ नहीं."

डब्यात थोडीच उरली तेव्हा काका घरात आले. ताईनं एक तुकडा उचलला, पायरीवर बसून सावकाश खाल्ला, आणि मग हात पुढं केला. जन्मात कधी बापाशी मराठीत न बोललेली ती पोरगी म्हणाली, "पापा, परत एक द्या ना."